अभियांत्रिकीचे गणित निवडताना

अभियांत्रिकी महाविद्यालयांत नव्या सत्राच्या आरंभी सूचनाफलकावर एक तक्ता लागतो. त्यात ऐच्छिक विषयांची नावे असतात, नावांपुढे क्रेडिटांचे आकडे असतात आणि खाली पसंतिक्रम भरून देण्याची मुदत नमूद केलेली असते. अलीकडे हा तक्ता विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येतो आणि अर्जही तेथेच भरला जातो. परंतु त्या मुदतीच्या आत ज्या रीतीने निवड होते, ती रीत मी शिकत असताना जी होती तीच आजही आहे. वरच्या वर्गातील मुले ज्या विषयाला 'स्कोअरिंग' म्हणतील तो पहिल्या क्रमांकावर, ज्याच्या उत्तरपत्रिका कडक तपासल्या जातात अशी वदंता असेल तो शेवटच्या क्रमांकावर, आणि ज्याच्या नावात गणिताचा उल्लेख असेल त्याचा विचारच करावयाचा नाही, असा हा शिरस्ता आहे. यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत आजवर जे काम केले ते मुख्यतः फिरत्या यंत्रांच्या कंपनांचे. आणि ज्या गणिताला आमच्या वर्गाने एका अर्जाच्या मुदतीत निरोप दिला, त्याच गणिताची उणीव या कामात पदोपदी कशी भासते, हे मी आणि माझ्याबरोबरच्या अनेकांनी अनुभवले असल्यामुळे, ज्यांच्यापुढे तो अर्ज अद्याप कोरा आहे त्यांना त्याविषयी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम माझ्या वाटेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्रातील हजारो मुलामुलींची वाट तीच आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका आणि तिच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, ही ती वाट. तंत्रनिकेतनात हातचे काम उत्तम शिकविले जाते, लेथपुढे उभे राहण्याची भीती कायमची जाते, आणि ज्या घरांना पदवीच्या चारही वर्षांचा खर्च एकदम पेलणे कठीण असते त्यांना ही पायरी मोठा आधार देते. तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु पदवीच्या पहिल्या वर्षी गणिताचे जे दोन पेपर असतात, ज्यांना सारेजण एम-वन आणि एम-टू म्हणतात, ते या वाटेने येणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. आंशिक विकलन, बहुसंकलन, मॅट्रिक्स आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू ही सारी सामग्री त्या दोन पेपरांत असते. आणि दुसऱ्या वर्षी एम-थ्रीचे अध्यापक पहिल्या तासाला फळ्याकडे वळतात ते ही सामग्री सर्वांपाशी आहे असे गृहीत धरूनच. बाकीच्या मुलांनी ती निदान परीक्षेपुरती हाताळलेली असते. आम्ही पदविकेवाले लाप्लास रूपांतराची सूत्रे पाठ करून त्या पेपरातून पार पडलो, आणि पेपर निघाला म्हणजे गणित संपले, असे आमच्या भोवतीच्या सर्वांनी आम्हाला सांगितले.

तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषयांचा तक्ता लागला तेव्हा त्यात एक विषय न्यूमरिकल मेथड्सचा होता आणि त्याला संगणकावरील प्रात्यक्षिकाची जोड होती. तो शिकविणारे अध्यापक स्वतः वर्गात येऊन सांगून गेले होते की शेवटच्या वर्षी फायनाइट एलिमेंट शिकताना हाच विषय आधाराला येईल. तरीही त्याला मोजकीच नावे आली. ठरावीक संख्येहून कमी विद्यार्थी असतील तर विषय उघडावयाचा नाही, असा महाविद्यालयाचा नियम होता. मुदत संपली, कार्यालयाने नावे मोजली, विषय रद्द झाला, आणि तो मागणाऱ्या आम्हा थोड्यांची नावे कारकुनाने दुसऱ्या एका विषयाच्या यादीत चढवली. तो दुसरा विषय टाकाऊ होता असे मी म्हणणार नाही, आणि त्यात आम्हाला गुणही भरघोस मिळाले. त्या गुणांचे पुढे काय झाले हे मात्र आता आठवून सांगावे लागते, कारण नोकरीत कोणीही ते पुन्हा विचारले नाहीत.

काही वर्षांनी मी ज्या कारखान्यात होतो तेथे एका मोठ्या ब्लोअरसाठी पोलादी चौकट बांधावयाची होती. ब्लोअरला चार ध्रुवांची विजेची मोटर होती. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे अशी मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या किंचित खाली, सुमारे १४८० फेऱ्यांनी फिरते. म्हणजे सेकंदाला सुमारे २४.७ फेऱ्या. चौकटीची स्वतःची नैसर्गिक वारंवारता या आकड्याजवळ येता कामा नये, ही गोष्ट प्रत्येक यंत्र-अभियंत्याला ठाऊक असते. चौकटीचे फायनाइट एलिमेंटचे प्रारूप तयार झाले, सॉफ्टवेअरने वारंवारतांची यादी दिली, आणि त्या यादीतील पहिले सहा आकडे जवळजवळ शून्य होते. पहिले सहा आकडे नेहमी शून्यच येतात, ते सोडून सातव्यापासून वाचावयाचे, असे गटातील एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले, आणि त्यांच्या म्हणण्यावर शंका घेण्याइतके ज्ञान आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. सातवा आकडा १८ च्या आसपास होता. २४.७ पासून तो पुरेसा दूर असल्यामुळे अहवालावर सह्या झाल्या आणि चौकट उभी राहिली.

ब्लोअर पूर्ण गतीला येताच ती चौकट इतकी थरथरू लागली की यंत्र तत्काळ बंद करावे लागले. पुढे तपासात जे निघाले ते प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे असे आहे. पहिले सहा आकडे शून्य येतात हा दाखला खरा. पण तो कशालाही न जखडलेल्या वस्तूचा. उडते विमान घ्या किंवा उपग्रह घ्या: अशी वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते, या सहा हालचालींत तिच्या अंगात कोठेही ताण उत्पन्न होत नाही, आणि म्हणून तिच्या यादीत सहा शून्ये येतात. आमची चौकट तर पायाला बोल्टांनी जखडलेली होती. तिच्या यादीत एकही शून्य येण्याचे कारण नव्हते. ती सहा शून्ये चौकटीची नव्हतीच. प्रारूपात एक तिरकी आधारपट्टी, जिला कारखान्यात ब्रेस म्हणतात, रेखाटली गेली होती, परंतु तिची टोके चौकटीला जोडायची राहून गेली होती. संगणकाच्या लेखी ती पट्टी अधांतरी होती, आणि तिच्याच सहा मोकळ्या हालचाली यादीच्या शिरोभागी येऊन बसल्या होत्या. प्रत्यक्षात वेल्डरने मात्र पट्टी व्यवस्थित जोडली. त्यामुळे खरी चौकट हिशेबातल्या चौकटीहून अधिक ताठ झाली, तिची वारंवारता १८ वरून वर चढली, आणि जेथे ती पोचू नये नेमकी तेथे, मोटरच्या गतीजवळ, जाऊन ठेपली. चौकट कापून, नवे आधार देऊन, पुन्हा उभी करण्यात जो काळ आणि पैसा गेला त्याचा जमाखर्च येथे मांडीत नाही.

संगणकाने त्या यादीत सत्यच सांगितले होते. ते वाचणारा कोणी नव्हता. गटातील बहुतेकांनी विद्यापीठाच्या परीक्षेत तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढून पूर्ण गुण मिळविले होते. परंतु शून्य वारंवारतेमागची शून्य आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय, म्हणजे ताठरतेच्या मॅट्रिक्सला अशी एखादी हालचाल सापडली आहे की जिला काहीच विरोध होत नाही, आणि अशी हालचाल सापडली तर रचनेत कोठेतरी काही सुटे आहे, हा अर्थ त्या उदाहरणांतून कोणाला कधी उमगला नव्हता. रेषीय बीजगणित हा विषय आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा पहिल्या वर्षाच्या एका पेपरातील एकदोन प्रकरणांपुरता येतो, निश्चयक उलगडण्याच्या हातखंड्यात संपतो, आणि पुन्हा भेटतो तो नोकरीत. म्हणूनच, ज्या विद्यार्थ्याला आपल्या पदवीत गणिताचा एकच जादा विषय घेता येण्यासारखा असेल त्याने रेषीय बीजगणित घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्याची शाखा कोणतीही असो.

या मताला माझ्या एका चौकटीपेक्षा मोठे आधार आहेत. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज येथील झुलता पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीला खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६७ किलोमीटरच्या वाऱ्यात पीळ खात खाली कोसळला. विकल समीकरणे शिकविताना अनुनादाचे उदाहरण म्हणून हा पूल आजही अनेक वर्गांत सांगितला जातो, जणू वाऱ्याचे झोके पुलाच्या तालाशी जुळले आणि तो पडला. १९९१ साली युसूफ बिल्लाह आणि रॉबर्ट स्कॅनलन या दोन अभियंत्यांनी एका प्रसिद्ध लेखात दाखवून दिले की हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. वाऱ्याच्या प्रवाहाने पुलाच्या पिळाच्या हालचालीतील अवमंदनच ऋण करून टाकले होते. वारा त्या गतीचा असेपर्यंत प्रत्येक आंदोलन आधीच्या आंदोलनाहून मोठे होत जाणे अटळ होते, बाहेरून ताल जुळण्याची त्याला गरज नव्हती. गणिताच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्या व्यवस्थेच्या एका आयगेनव्हॅल्यूचा वास्तव भाग ऋणाचा धन झाला होता. जो केवळ समीकरण सोडविण्याची कृती शिकला आहे तो अनुनादापाशी थांबतो. ज्याने आयगेनव्हॅल्यूचा अर्थ जाणला आहे त्याला पुढचे दिसते. आणि मराठी वाचकाला येथे आणखी एक नाव आठवावे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासाचे पंडित म्हणून ओळखतो. परंतु गोव्यात जन्मलेले हे गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत, आणि १९४३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधातील कल्पना, जिच्याशी पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांचीही नावे जोडली गेली, आज प्रक्षुब्ध प्रवाहांच्या आणि कंपनांच्या अभ्यासात, तसेच प्रतिमांतील माहिती आटोपशीर करण्यात वापरली जाते. अनियमित दिसणाऱ्या हालचालीतून मोजके मूळ आकार वेगळे काढणारी ही कल्पना म्हणजे आयगेनव्हेक्टरचाच विस्तार आहे. ती पुण्याच्या एका महाविद्यालयातील अध्यापकाने मांडावी आणि पुण्यातल्याच अभियंत्यांना तिची वार्ता नसावी, याचे मला मनापासून दुःख होते.

रेषीय बीजगणितानंतर, विशेषतः यंत्र, स्थापत्य आणि रसायन या शाखांसाठी, मी न्यूमरिकल मेथड्स हा विषय सुचवीन. एका अटीवर: त्याला प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकाची जोड असली पाहिजे. केवळ गणकयंत्रावर सिम्पसनचा नियम लावून चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर काढणे एवढेच जेथे शिकविले जाते, तेथे या विषयाचा आत्माच, म्हणजे उत्तरातील चूक किती आणि ती कोठून आली याचा विचार, बाहेर राहतो. १९९१ हे वर्ष या बाबतीत फार बोलके आहे. २५ फेब्रुवारीला आखाती युद्धात धाहरान येथील एका पेट्रियट क्षेपणास्त्र-तळाला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. त्या यंत्रणेतील घड्याळ सेकंदाचे दशांश मोजीत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण संपत नाही, ती २४ बिटांत बसविण्यासाठी तिची शेपटी तोडावी लागते, आणि त्या तोडलेल्या सूक्ष्म शेपटीची बेरीज यंत्रणा १०० तास अखंड चालू राहिल्यावर ०.३४ सेकंद झाली होती. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्याच वर्षी २३ ऑगस्टला नॉर्वेमध्ये स्टॅव्हँगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर नावाच्या तेलफलाटाचा प्रचंड काँक्रीट पाया चाचणीसाठी पाण्यात उतरविला जात असता फुटला आणि बुडाला. त्याच्या भिंती जेथे एकमेकींना मिळत होत्या त्या जागी फायनाइट एलिमेंटची जाळी फार ओबडधोबड घेतली गेली होती, आणि तिने कर्तनाचा ताण ४७ टक्क्यांनी कमी दाखविला होता. त्या आकड्यावर विसंबून भिंती पातळ ठेवल्या गेल्या. अपघातानंतर नीट हिशेब केला तेव्हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता. म्हणजे गणिताला ते संकट पूर्वीच सांगता येत होते. जाळी किती बारीक घ्यावी, ती बारीक केल्यावर उत्तर स्थिरावते की नाही हे कसे पाहावे, हे न्यूमरिकल मेथड्सच्या वर्गात शिकावयाचे असते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर रंगीत चित्र उमटले म्हणजे ते आपोआप कळत नाही.

तिसरा विषय संभाव्यता आणि संख्याशास्त्र. स्थापत्य शाखेतील मुले हा विषय संगणकवाल्यांचा समजून टाळतात, ही मोठी हानी आहे. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर, असा शब्दप्रयोग धरणांच्या आणि पुलांच्या आराखड्यांत नित्य येतो, आणि पुष्कळ लोक, अभियंतेसुद्धा, त्याचा अर्थ असा घेतात की एकदा असा पूर येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, काल आला असला तरी उद्यासाठी तेवढीच. तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आणि पूर्ण शंभर वर्षांत सुमारे ६३ टक्के निघते. हा हिशेब अकरावी-बारावीच्या गणिताने होतो, पण तो करावा हे सुचण्यासाठी विषयाची ओळख असावी लागते. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली पाण्याखालची गावे पाहिली आहेत. त्या भागात पूररेषा आखणाऱ्या अभियंत्याने संभाव्यता केवळ उत्तीर्ण होण्यापुरती शिकलेली असणे मला असह्य वाटते.

बाकीच्या शाखांविषयी थोडक्यात सांगतो. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना सम्मिश्र चलांचे गणित आणि फूरियर, लाप्लास व झेड ही रूपांतरे यांवाचून गत्यंतर नाही, आणि त्यांच्या अभ्यासक्रमांत ती बहुधा येतातच. त्यांनी वरून संभाव्यता घ्यावी, कारण संदेशवहनातील गोंगाट हा संभाव्यतेचाच विषय आहे. संगणक शाखेत प्रोग्रॅमिंगला गणित लागत नाही असा एक समज आहे. तो समज असणाऱ्यांनी क्लॉड शॅनन यांचे उदाहरण पाहावे. त्यांनी मिशिगन विद्यापीठातून १९३६ साली विद्युत-अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन्ही पदव्या घेतल्या, आणि तेथेच तत्त्वज्ञानाच्या एका वर्गात त्यांना जॉर्ज बूल यांच्या तर्काच्या बीजगणिताची ओळख झाली. बूल यांचा ग्रंथ १८५४ सालचा, म्हणजे पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले त्याच सालचा. अभियंत्यांच्या दृष्टीने तो तोवर केवळ तत्त्वचिंतन होता. विजेच्या रिले उघडतात आणि मिटतात त्यांचे वर्तन याच बीजगणिताने मांडता येते, हे शॅनन यांनी १९३७ साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखविले, आणि आजच्या प्रत्येक संगणकाच्या मंडलरचनेला त्याचा आधार आहे. शाखेबाहेरचा एक विषय त्यांनी ऐकला नसता तर हा दुवा कोणी आणि केव्हा जोडला असता, कोण जाणे. संगणकाच्या विद्यार्थ्याने म्हणून विविक्त गणित मन लावून करावे, आणि ज्याला यंत्रशिक्षणाकडे जावयाचे असेल त्याने रेषीय बीजगणित व संभाव्यता ही दोन्ही घ्यावीत. २०२४ पासून गेट परीक्षेत विदाशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा जो स्वतंत्र पेपर सुरू झाला त्याच्या पाठ्यक्रमात हीच दोन प्रकरणे अग्रभागी आहेत. यंत्र-अभियांत्रिकीच्या गेटमध्येही १०० पैकी सुमारे १३ गुण निव्वळ गणिताचे असतात.

निवड करण्यापूर्वी काय पाहावे, याविषयीचा माझा सल्ला असा. विषयाचे नाव पाहून निर्णय घेऊ नये. विद्यापीठाचा छापील पाठ्यक्रम काढून प्रत्येक प्रकरणाला किती तास दिले आहेत ते वाचावे, कारण एकाच नावाखाली एका ठिकाणी संकल्पना शिकविल्या जातात आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ आकडेमोड. त्यानंतर ग्रंथालयात जाऊन आपल्या शाखेच्या शेवटच्या वर्षाची दोन-तीन मुख्य पुस्तके उघडावीत, कंपनांची, उष्णतावहनाची, नियंत्रणप्रणालीची, जी असतील ती, आणि कोणत्या चिन्हापाशी आपली नजर अडते ते टिपून ठेवावे. ते चिन्ह ज्या विषयात शिकविले जाते तो विषय आधी घ्यावा. वरच्या वर्गातील मुलांना अवश्य विचारावे, पण गुण किती पडले हे विचारण्याऐवजी नंतरच्या कोणत्या विषयात या गणिताचा उपयोग झाला ते विचारावे. आणि शक्य असेल तर कारखान्यातून भेट द्यायला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही हाच प्रश्न करावा. क्रमाचाही विचार हवा. न्यूमरिकल मेथड्स रेषीय बीजगणिताआधी घेतली तर अर्धी कळतात. आंशिक विकल समीकरणे फूरियर श्रेणी पक्की नसताना घेतली तर जवळजवळ कळतच नाहीत. ज्यांना पुढे परदेशी शिकावयाचे आहे त्यांनी आपल्या काळातील पाठ्यक्रमाची प्रत जपून ठेवावी, कारण जर्मनीतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेश देताना पदवीतील गणिताचे विषय आणि त्यांचा आवाका तपासून पाहतात, आणि पाठ्यक्रम बदलल्यावर जुनी प्रत मिळविणे मोठे जिकिरीचे होते.

पदविकेच्या वाटेने येणाऱ्यांना माझे वेगळे सांगणे आहे. दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होण्यापूर्वीचे आठवडे वाया घालवू नयेत. आंशिक विकलन, बहुसंकलन आणि मॅट्रिक्स ही तीन प्रकरणे त्या अवधीत हातावेगळी केली तर एम-थ्री समजून शिकता येतो. पहिल्या वर्षाच्या मित्रांच्या वह्या मागून घेण्यात कमीपणा नाही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीला गणित न घेतलेल्यांनाही काही अभियांत्रिकी शाखांत प्रवेशाचा मार्ग खुला करण्याची तजवीज केली, आणि त्यांच्यासाठी सेतु-अभ्यासक्रमांची कल्पना मांडली. तसा सेतु थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांना ज्या महाविद्यालयात उपलब्ध असेल तेथे तो ऐच्छिक आहे म्हणून सोडून देऊ नये. आणि जेथे तो नाही, तेथे आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या अध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने आहेत, गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील एमआयटीतील व्याख्याने आहेत, ती कोणालाही विनामूल्य ऐकता येतात. त्या चौकटीच्या प्रसंगानंतर मी हीच व्याख्याने ऐकत, प्रत्येक उदाहरण कागदावर करीत, रेषीय बीजगणित नव्याने शिकलो. नोकरी सांभाळून ते करण्याला वर्गात बसून शिकण्याच्या कितीतरी पट कष्ट पडतात, एवढे मात्र खात्रीने सांगू शकतो. 'स्वयं' या ऑनलाइन शिक्षणमंचावरील परीक्षा दिल्यास तिची क्रेडिटे आपल्या पदवीत जमा करून घेण्याची सोयही नियमांत आहे. परंतु त्यासाठी सत्रारंभीच विभागप्रमुखांची संमती घ्यावी लागते, परीक्षा देऊन झाल्यावर दाखला घेऊन गेल्यास अर्ज नामंजूर होण्याची भीती असते.

शेवटी एक विनंती. आमच्या वेळी न्यूमरिकल मेथड्सचा विषय रद्द झाला तो नावे कमी पडल्यामुळे, आणि ज्यांनी तो मागितला होता ते एकमेकांना ओळखतही नव्हते. प्रत्येकाने आपापला अर्ज एकट्याने भरला होता. तुमच्या महाविद्यालयात असे होऊ देऊ नका. मुदत संपण्यापूर्वी वर्गात, शेजारच्या तुकडीत, दुसऱ्या शाखेतसुद्धा, कोणाकोणाला हा विषय हवा आहे ते विचारा, सर्वांच्या सह्यांचा एक अर्ज विभागप्रमुखांच्या नावे लिहा, तो विषय कोणत्या पुढील विषयांसाठी आवश्यक आहे ते त्यात दोन ओळींत नमूद करा, आणि दफ्तरात देऊन त्याची पोच घ्या. अध्यापक शिकवायला तयार असतात. त्यांना वर्ग भरण्यापुरती नावे हवी असतात, आणि ती नावे गोळा करणे तुमच्या हातात आहे.